सेंडाबाई बेरेन्सन

दिवाळी आटोपली, शेतोशेती कपाशीची वेचणी सुरू झाली आणि हवेत गारवा आला, म्हणजे वऱ्हाडातील शाळांची मैदाने गजबजू लागतात. बडनेऱ्यासारखे रेल्वेचे गाव असो की आडवाटेचे एखादे खेडे असो, संध्याकाळच्या वेळी कोठे खो-खोच्या खांबाभोवती, कोठे कबड्डीच्या मध्यरेषेवर, तर कोठे बास्केटबॉलच्या उंच टोपलीखाली मुलींचा मेळा जमलेला दिसतो. मुलींनी धावावे, घाम गाळावा, हरावे आणि जिंकावे, यात आज कोणास नवल वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी स्थिती अगदी निराळी होती. आपल्या देशातच नव्हे, तर अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशातही धावपळीचे खेळ हे मुलींच्या प्रकृतीस अपायकारक आणि त्यांच्या शालीनतेस बाधक मानले जात. हा समज दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेचे नाव अग्रभागी आहे. विशेष हे, की मुलींना मैदानावर आणणारी ही बाई स्वतः लहानपणी दोन पावले धावण्यासही असमर्थ होती.

सेंडाचा जन्म १९ मार्च १८६८ रोजी लिथुआनियातील बुत्रिमोनिस या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हा मुलूख त्या काळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. ज्यू लोकांवर तेथे नाना प्रकारचे निर्बंध होते. मुलाबाळांना मोकळ्या हवेत वाढविता यावे, म्हणून तिच्या वडिलांनी मायभूमीचा निरोप घेतला आणि अमेरिकेतील बोस्टन शहर गाठले. १८७५ च्या सुमारास सारे कुटुंब तेथे स्थायिक झाले. सेंडा तेव्हा सात वर्षांची होती. वाल्व्रोयेन्स्की हे अवघड आडनाव टाकून कुटुंबाने बेरेन्सन हे सुटसुटीत आडनाव घेतले. परक्या देशात पोटासाठी पडेल ते काम करावे लागते. सेंडाचे वडील दारोदार फिरून भांडीकुंडी विकू लागले.

घरात धनाची वाण असली, तरी विद्येची आवड मोठी होती. सेंडाचा थोरला भाऊ बर्नार्ड पुढे हार्वर्ड विद्यापीठात शिकला आणि इटलीतील जुन्या चित्रांचा थोर पारखी म्हणून जगभर विख्यात झाला. सेंडाचाही ओढा साहित्य, चित्रकला आणि संगीत यांकडे होता. पियानोवादनात नैपुण्य मिळवावे, अशी तिची मनीषा होती, आणि त्यासाठी तिने बोस्टनच्या संगीत विद्यालयात नावही घातले. परंतु तिचे शरीर तिला साथ देईना. ती जन्मापासूनच नाजूक प्रकृतीची होती. वारंवारच्या आजारपणामुळे तिची शाळाही धड झाली नव्हती. पियानोपुढे तासन् तास ताठ बसावे लागे, ते तिच्या दुबळ्या पाठीला सोसेना. अखेर मोठ्या कष्टाने तिला संगीताचा नाद सोडावा लागला. मन धाव घेत होते. शरीर मात्र जागचे हलत नव्हते.

याच सुमारास बोस्टनमध्ये एक नवी संस्था उदयास आली होती. मेरी हेमेनवे या दानशूर बाईंनी १८८९ साली तेथे व्यायामशिक्षक तयार करणारे एक विद्यालय स्थापन केले होते, आणि एमी मॉरिस होमन्स या कर्तबगार बाई त्याचा कारभार पाहत होत्या. प्रकृती सुधारावी, एवढ्याच हेतूने सेंडाने १८९० साली या विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे शिकविला जाणारा व्यायाम स्वीडन देशातील पद्धतीचा होता. शिक्षकाने आज्ञा द्यावी आणि साऱ्यांनी एकाच वेळी हात, पाय, मान व कंबर ठराविक रीतीने हलवावी, असे त्याचे स्वरूप होते. आपल्या शाळांतील कवायत पाहिली, म्हणजे त्याची थोडीफार कल्पना येईल.

आरंभीचे दिवस सेंडाला अतिशय कठीण गेले. थोडा वेळ उभे राहिले, तरी तिला थकवा येई, अंग ठणके, मध्येच आडवे होऊन विसावा घ्यावा लागे. या व्यायामाचा तिला मनापासून तिटकारा आला. दुसरी एखादी मुलगी असती, तर तिने चार दिवसांत घरची वाट धरली असती. परंतु होमन्सबाईंची शिस्त कडक होती आणि सेंडाचा स्वभावही चिवट होता. ती रोज थोडे थोडे अधिक करीत राहिली. काही महिन्यांतच पाठीचे दुखणे ओसरू लागले. श्वास लांबला, पावलांत बळ आले. जे शरीर आजवर केवळ ओझे वाटत होते, ते आज्ञा पाळू लागले. या अनुभवाने तिच्या आयुष्याची दिशाच बदलली. दुबळेपणा हा मुलीच्या जन्माबरोबर येणारा शाप नव्हे, तर तो उद्योगाने घालविता येतो, हे तिने पुस्तकात वाचून नव्हे, तर स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले.

तो काळ लक्षात घेतला, म्हणजे या अनुभवाचे मोल कळते. अमेरिकेत मुलींची महाविद्यालये नुकतीच उघडू लागली होती. मुलींनी फार अभ्यास केला तर त्यांची प्रकृती ढासळते, असे नामवंत वैद्यही सांगत. त्याच देशात १८८६ साली आपल्या महाराष्ट्राची कन्या आनंदीबाई जोशी वैद्यकीची पदवी घेऊन डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने मायदेशी मृत्यू पावली. मुलींना विद्या द्यावयाची, तर त्या विद्येचा भार पेलणारे निरोगी शरीरही त्यांना मिळाले पाहिजे, हा विचार त्या काळी अनेक देशांतील विचारी लोकांच्या मनात घोळत होता. मुलींच्या महाविद्यालयांत व्यायामशाळा बांधल्या जाऊ लागल्या त्या यामुळेच.

अशाच एका महाविद्यालयाकडून सेंडाला बोलावणे आले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्दॅम्प्टन या गावी स्मिथ कॉलेज नावाचे मुलींचे महाविद्यालय आहे. ते १८७५ साली सुरू झाले. तेथील व्यायामशिक्षिका आजारी पडल्या, आणि त्यांच्या जागी काही काळापुरती बदली शिक्षिका म्हणून १८९२ च्या जानेवारीत सेंडाची नेमणूक झाली. दुसऱ्याच्या जागेवर आलेली ही तात्पुरती शिक्षिका पुढे एकोणीस वर्षे त्या महाविद्यालयात राहील आणि साऱ्या देशातील मुलींच्या खेळाला वळण लावील, असे त्या दिवशी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

सेंडाबाई कामावर रुजू झाल्या, तेव्हा त्यांना पहिली अडचण जाणवली ती विद्यार्थिनींच्या अनुत्साहाची. हात वर, हात खाली, एक, दोन, तीन, चार, या रोजच्या ठरीव कवायतीला मुली कंटाळल्या होत्या. त्या येत, नाइलाजाने हातपाय हलवीत आणि तास कधी संपतो याची वाट पाहत. ज्या व्यायामाने आपण स्वतः सुदृढ झालो, तो या मुलींना नकोसा वाटतो, हे पाहून बाईंना वाईट वाटले. परंतु त्यांनी मुलींना दोष दिला नाही. मन जेथे रमत नाही, तेथे शरीरही मनापासून राबत नाही, हे त्यांनी ओळखले. मुलींना आनंदाने धावायला लावील, असे काहीतरी त्या शोधू लागल्या.

ते त्यांना जवळच गवसले. नॉर्दॅम्प्टनपासून सुमारे तीस किलोमीटरवर स्प्रिंगफील्ड नावाचे शहर आहे. बडनेऱ्याहून अमरावती जितकी दूर आहे, त्याच्या साधारण तिप्पट हे अंतर. तेथील एका प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे तरुण शिक्षक होते. बर्फाच्या दिवसांत बाहेर खेळता येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांसाठी घरात खेळण्याजोगा खेळ त्यांना हवा होता. १८९१ च्या डिसेंबरात त्यांनी व्यायामशाळेच्या दोन टोकांना, सज्जाच्या कठड्यावर, पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊंचे दोन पक्ष पाडले, तेरा नियम लिहून काढले आणि चेंडू त्या टोपलीत टाकावयाचा खेळ सुरू केला. टोपलीला बूड असल्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून तो काढावा लागे! बास्केटबॉलचा जन्म हा असा झाला.

या नव्या खेळाची हकीकत सेंडाबाईंनी एका नियतकालिकात वाचली. हा खेळ पुरुषांसाठी निघाला होता. परंतु बाईंनी विचार केला, की यात धावणे आहे, उडी आहे, नेम आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोबतिणींशी मेळ घालणे आहे. मग तो मुलींनी का खेळू नये? त्यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला, आणि काय आश्चर्य! कवायतीच्या तासाला कंटाळणाऱ्या त्याच मुली व्यायामशाळेकडे धावत येऊ लागल्या.

१८९३ च्या मार्च महिन्यात स्मिथ कॉलेजात या खेळाचा पहिला मोठा सामना झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी एका बाजूस आणि दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या बाजूस. आपापल्या वर्गाच्या रंगांचे कपडे व फिती मिरवीत मुलींनी सज्जा भरून टाकला. पुरुषांस आत येण्यास मज्जाव होता. कारण खेळाडू मुलींनी पायघोळ झग्याऐवजी खेळण्यास सोयीचा आखूड पोशाख केला होता, आणि पुरुषांदेखत असा पोशाख करणे त्या काळी अशिष्ट मानले जाई. बाईंनी मध्यभागी चेंडू वर उडविला. तो झेलण्यासाठी हात उंचावणाऱ्या पहिल्या वर्षाच्या नायिकेच्या हातास धक्का लागला आणि तिचा खांदा निखळला!

सारी व्यायामशाळा स्तब्ध झाली. मुलींनी असले खेळ खेळू नयेत, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत सापडावे, असा तो प्रसंग होता. पहिल्याच सामन्याच्या पहिल्याच क्षणी अपघात झाला होता. सामना तेथेच थांबविला असता, तर कोणी बाईंना बोल लावला नसता. पण कदाचित मुलींचा खेळही तेथेच थांबला असता. सेंडाबाई डगमगल्या नाहीत. जखमी मुलीस आत नेण्यात आले, तिचा सांधा नीट बसविण्यात आला, तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली आणि खेळ पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी तो ५ विरुद्ध ४ असा जिंकला. गुणांचा हा आकडा आज लहान वाटेल; परंतु त्या सज्जातील मुलींच्या जयघोषाने व्यायामशाळा दणाणून गेली होती.

अपघाताला भिऊन खेळ सोडणे जसे बाईंना मान्य नव्हते, तसेच त्याकडे डोळेझाक करणेही मान्य नव्हते. पुरुषांच्या खेळात त्या काळी ओढाताण, धक्काबुक्की आणि चेंडूसाठी झोंबाझोंबी फार चाले. तसेच मुलींच्या खेळात होऊ लागले, तर चार दांडग्या मुली खेळतील आणि बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या राहतील, हे त्यांनी जाणले. म्हणून त्यांनी मुलींसाठी नियम बदलले.

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा नियम मैदानाच्या आखणीविषयी होता. त्यांनी दोन रेषा ओढून मैदानाचे तीन भाग केले. ज्या खेळाडूस जो भाग नेमून दिला असेल, तो सोडून तिने दुसऱ्या भागात जाऊ नये, असे ठरविले. आपल्या आट्यापाट्यांच्या खेळात पाटी धरणारा गडी जसा आपल्या पाटीवरच राहतो, तसाच काहीसा हा प्रकार होता. यामुळे कोणाही मुलीस साऱ्या मैदानभर धावून दमछाक करून घ्यावी लागत नसे. शिवाय एकच चपळ मुलगी चेंडू घेऊन या टोकाहून त्या टोकापर्यंत जाऊ शकत नसे. चेंडू टोपलीपर्यंत पोहोचवावयाचा, तर तो सोबतिणीच्या हाती दिलाच पाहिजे! दुसरा नियम असा, की प्रतिपक्षाच्या मुलीच्या हातातील चेंडू हिसकावून घ्यावयाचा नाही. परंतु हिसकावण्याची भीती नाही, म्हणून कोणी चेंडू कवटाळून बसू नये, यासाठी तिसरा नियम केला: चेंडू तीन सेकंदांहून अधिक वेळ हाती ठेवता येणार नाही. आणि चेंडू जमिनीवर आपटीत पुढे न्यावयाचा, तर तो तीन टप्प्यांहून अधिक नेता येणार नाही.

नियम लहान होते, पण त्यांच्या पोटी मोठा अर्थ होता. ज्या बाईंनी दुबळेपण भोगले होते, त्यांचे लक्ष वर्गातल्या सर्वांत बळकट मुलीपेक्षा सर्वांत मागे उभ्या असलेल्या मुलीकडे अधिक होते. तिच्याही हाती चेंडू आला पाहिजे, तिचाही पक्षाला उपयोग झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. याच कारणामुळे दुसऱ्या महाविद्यालयांशी सामने खेळण्यास त्या राजी नसत. बाहेरचे सामने सुरू झाले, की निवडक खेळाडूंचीच काळजी घेतली जाते आणि बाकीच्या शेकडो मुली नुसत्या प्रेक्षक होऊन बसतात, असे त्यांचे मत होते. म्हणून स्मिथ कॉलेजात वर्गावर्गांतील सामनेच रंगत.

पाहता पाहता हा खेळ साऱ्या अमेरिकेत पसरला. परंतु प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. कोठे पुरुषांचे नियम, कोठे सेंडाबाईंचे, तर कोठे तेथल्या शिक्षिकेने स्वतःच केलेले. हा गोंधळ मिटविण्यासाठी १८९९ साली व्यायामशिक्षकांनी एक समिती नेमली. त्या समितीने सेंडाबाईंचेच नियम मुख्यत्वे स्वीकारले. १९०१ साली बाईंनी संपादिलेले मुलींच्या बास्केटबॉलच्या नियमांचे पुस्तक छापून प्रसिद्ध झाले. त्यानंतरही १९१७ पर्यंत नियमांच्या या कामात त्यांचा प्रमुख वाटा होता.

सेंडाबाईंचे कार्य केवळ एका खेळापुरते नव्हते. १८९७ मध्ये त्या स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे गेल्या आणि तेथील राजमान्य व्यायामसंस्थेत त्यांनी अधिक अभ्यास केला. आपल्या महाविद्यालयात त्यांनी तलवारीचे हात आणि लोकनृत्ये सुरू केली. १९०१ मध्ये कॉन्स्टन्स ॲपलबी या इंग्रज शिक्षिकेच्या साहाय्याने हॉकीही सुरू केली. ज्या मुलींच्या शरीरात काही व्यंग वा दुर्बलता असे, त्यांच्यासाठी त्यांनी निराळ्या व्यायामांची सोय केली.

१९११ साली त्याच महाविद्यालयातील इंग्रजीचे प्राध्यापक हर्बर्ट व्हॉन ॲबट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांनी महाविद्यालयाची नोकरी सोडली. तरी नॉर्दॅम्प्टनमधील मुलींच्या एका शाळेत १९२१ पर्यंत त्या व्यायामशिक्षण पाहत होत्या. पुढे कला आणि संगीत यांच्या आपल्या जुन्या आवडीकडे त्या पुन्हा वळल्या आणि त्यासाठी त्यांनी युरोपात प्रवास केला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे आपल्या बहिणीच्या सहवासात घालविली. १६ फेब्रुवारी १९५४ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षात, त्यांचे देहावसान झाले. लहानपणी जिच्या प्रकृतीची सर्वांना चिंता वाटे, तिला असे दीर्घ आयुष्य लाभले.

त्यांनी घातलेले नियम मात्र कायम राहिले नाहीत, आणि ते योग्यच झाले. मुली जसजशा बळकट होत गेल्या, तसतशा त्या तीन भागांच्या रेषा त्यांना अडवू लागल्या. १९३८ साली तीन भागांचे दोन झाले. १९७१ साली अमेरिकेतील मुलींच्या सामन्यांतून त्या रेषा सर्वस्वी पुसल्या गेल्या आणि पाच-पाच मुली साऱ्या मैदानभर मोकळेपणी धावू लागल्या. रोप कोवळे असते, तोवर त्याला गुराढोरांपासून जपण्यासाठी काट्यांचे कुंपण घालावे लागते. पण त्याचा वृक्ष झाला, म्हणजे ते कुंपण काढून टाकावे लागते. म्हणून कुंपण घालणारा चुकला, असे कोणी म्हणत नाही. सेंडाबाईंच्या नियमांचेही तसेच आहे. त्या काळी ते नियम नसते, तर मुलींना खेळाची परवानगीच मिळणे अवघड होते.

१९३६ सालच्या बर्लिन येथील ऑलिंपिक सोहळ्यात बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले आणि तो पाहण्यास वृद्ध नेस्मिथ स्वतः हजर होते. त्याच वर्षी, त्याच बर्लिन शहरी, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या कबड्डीचे खेळ जगाला दाखविले, ही गोष्ट वऱ्हाडास भूषणावह आहे. पण बर्लिनला बास्केटबॉल खेळले ते केवळ पुरुषच. स्त्रियांना ऑलिंपिकच्या मैदानावर तो खेळावयास मिळण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९७६ साली मॉन्ट्रियल येथे ते घडले. ते पाहण्यास सेंडाबाई हयात नव्हत्या.

पुढे १९८५ साली स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरात त्यांचे नाव कोरले गेले. तेथे मान मिळालेल्या पहिल्या तीन स्त्रियांपैकी त्या एक होत. मुलींच्या ज्या खेळासाठी एके काळी दारे बंद करावी लागत, तोच खेळ आज जगातील अनेक देशांच्या मुली हजारो प्रेक्षकांपुढे खेळतात. ही बंद दारे आपोआप उघडली नाहीत. दुसऱ्याच्या जागी काही दिवसांपुरत्या आलेल्या, पाठीच्या दुखण्याने एके काळी जर्जर झालेल्या एका शिक्षिकेने ती आपल्या हातांनी, हळूहळू, पण निश्चयाने उघडली. मैदानात मागे उभ्या असलेल्या एखाद्या अशक्त मुलीच्या हाती जेव्हा तिची मैत्रीण विश्वासाने चेंडू देते, तेव्हा सेंडाबाईंचे कार्य पुढे चालू असते.